लेक पुढे गेली, आई मागे राहिली: बुद्धिबळ एकत्र कसं खेळत राहावं? (मदत हवी आहे)

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

बुद्धिबळ येणाऱ्यांकडून मदत हवी आहे. लेकीला कसं शिकवू, हा प्रश्न नाही. ती शिकतेय. प्रश्न माझा आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हम्पी होती, नेहमीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल टायब्रेकवर, म्हणजे कमी वेळाच्या जादा डावांवर गेला. घरात आम्हा कोणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सगळे मोबाइलला चिकटून बसलो होतो. जाताना ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वात मोठा किताब) नसलेली मुलगी येताना ग्रँडमास्टर होऊन आली, ही गोष्ट आमच्या लेकीला (तेव्हा आठ वर्षांची) भलतीच आवडली. तिने पट मागितला आणि मी तिच्याबरोबर शिकायला बसले. मला तोवर सोंगट्यांची नावंच काय ती माहीत होती.

सुरुवातीचे महिने मजेत गेले. दोघी सारख्याच कच्च्या. वजीर फुकट देऊन टाकायचा, मग समोरचीनेही तो मारायला विसरायचं, असा खेळ. मग शाळेजवळच्या क्लासला ती जायला लागली. तिथे रोज कोडी सोडवून घेतात. आता ती मला सरळसरळ गुंडाळते. परवाचाच डाव घ्या. माझ्याकडे एक उंट जास्त होता, मी मनातल्या मनात लाडू वाटत होते. माझा राजा किल्लेकोटात (कॅसलिंग करून कोपऱ्यात), पुढे तीन प्यादी जागच्या जागी. तिने हत्ती उचलला, माझ्या अगदी पहिल्या ओळीत आणून ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेली. मी पाच मिनिटं बघत बसले. राजाला हलायला घर नाही, मध्ये घालायला सोंगटी नाही. मात!

हरल्याचं दुःख नाही. पण आता ती मी विचार करत असताना चित्रं काढते. आणि गेल्या आठवड्यात विचारलंन, "आई, तू मुद्दाम हरतेस का?" यावर काय बोलणार! तिला क्लासमध्ये तोडीस तोड मुलं मिळतात, मिळोत. पण रात्रीची जेवणं झाल्यावरचा तो अर्धा तास मला सोडायचा नाहीये.

तर, खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून काय करता येईल? तिने एक सोंगटी काढून खेळायचं का? आणि ऑफिस, स्वयंपाक सांभाळून माझा खेळ सुधारायला नेमकं काय करू? ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे व्हिडिओ बघितले, डोक्यावरून गेले.

जाता जाता अजून एक. सासरे देशी पद्धतीने खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, कॅसलिंग नाही, पण शह बसेपर्यंत राजाला एकदा घोड्यासारखी उडी. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की त्या घरची सोंगटी होते, सरसकट वजीर नाही. लेक त्यांच्याशीही खेळते. यामुळे क्लासमध्ये घोळ होईल का?

---

उंटावरचा शहाणा

सोंगटी काढू नका. वजीर काढला तर तो वेगळाच खेळ होतो, तिने शिकलेल्या सुरुवाती निरुपयोगी, आणि तुम्हालाही कळत राहतं की आपल्यावर दया चाललीय. वेळेची सूट द्या. बुद्धिबळाचं घड्याळ घ्या किंवा मोबाइलवर फुकट ॲप मिळतं. तुम्हाला वीस मिनिटं, तिला पाच. चित्रं आपोआप बंद होतील :)

---

अडीच घर

वरच्या प्रतिसादाशी असहमत. नऊ वर्षांच्या मुलाला कमी वेळ दिला की ते भराभर खेळायला शिकतं, आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही. माझ्या भाच्याचं तेच झालं. स्पर्धेत तासभर वेळ असताना दहा मिनिटांत डाव संपवून बाहेर येऊन उभा.

आमच्याकडे चालतो तो प्रकार सांगते. कमी येणाऱ्याला प्रत्येक डावात एकदा, कधीही, "पट फिरव" म्हणायचा हक्क. म्हटलं की पट अख्खा फिरवायचा, तुमची हरत आलेली बाजू तिच्याकडे, तिची जिंकत आलेली तुमच्याकडे. यात दया वगैरे काही नाही. उलट तिला वाईट स्थितीतून डाव वाचवायचा असतो, जे क्लासमध्ये फारसं शिकवत नाहीत. आणि जिंकत आलेला डाव जिंकून दाखवणं किती अवघड असतं ते तुम्हालाही कळेल.

---

जुनाखेळाडू

गवतीचहा ताई, ओपनिंगच्या नादी लागूच नका. तुमच्या पातळीवर डाव ओपनिंगमुळे हरत नाही, फुकट दिलेल्या सोंगट्यांमुळे हरतो. दोन गोष्टी करा.

पहिली, प्रत्येक चालीआधी ठराविक क्रमाने बघा: मला शह देता येतो का, मारता येतं का, धमकी देता येते का. मग हेच तिन्ही समोरच्याच्या बाजूने. तुम्ही सांगितलेली मात या तपासणीत पकडली गेली असती. कॅसलिंग झाल्यावर सवडीने राजापुढचं एच किंवा जी पट्टीतलं (उभ्या ओळीतलं) प्यादं एक घर पुढे सरकवून राजाला खिडकी करून ठेवायची. पण कारण नसताना नाही, नाहीतर तिथूनच चोर घुसतो.

दुसरी, शेवटाचे डाव. नुसते राजे आणि एक प्यादं. पांढऱ्याचा राजा सहाव्या ओळीत, त्याच्या मागे पाचव्या ओळीत त्याचं प्यादं, काळा राजा समोर आठव्या ओळीत. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. फक्त प्यादं अगदी कडेचं, म्हणजे ए किंवा एच पट्टीतलं असेल तर बरोबरी. हे पटावर मांडून लेकीला काळ्याकडून खेळायला बसवा. का जिंकतो ते दोघींनी मिळून शोधा, आधी उत्तर बघू नका. या वयाच्या क्लासमधल्या मुलांना हे बहुधा येत नाही, त्यामुळे निदान या बाबतीत तुम्ही पुन्हा एका रेषेवर याल.

सासऱ्यांचं चालू राहू द्या. मुलांना दोन नियम सहज सांभाळता येतात, आपल्यालाच काळजी. त्या पद्धतीत प्यादी सावकाश सरकतात म्हणून मांडणी करायला सवड मिळते. फक्त एक शिस्त त्यांच्याकडेही पाळायला लावा: हात लावला की तीच सोंगटी खेळायची. स्पर्धेत नियमच आहे. सोंगटी नुसती सरळ करायची असेल तर आधी "ॲडजस्ट" म्हणायचं. घरी चाल मागे घ्यायची सवय लागलेली मुलं पहिल्या स्पर्धेत रडतात.

---

तिरपी_चाल

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर कोडी फुकट आहेत, जाहिराती नाहीत. आम्ही बाप-लेक एकाच मोबाइलवर एकच कोडं सोडवतो. अट एकच, स्क्रीनला हात मी लावणार, पण उत्तर त्याने पूर्ण सांगायचं, "मग तो काय करेल" इथपर्यंत. तो बोलतो तेव्हा मला त्याचं डोकं कसं चालतं ते दिसतं, माझं शिक्षण त्यातच होतं. एकमेकांविरुद्धच खेळलं पाहिजे असं कोणी सांगितलंय? कॉम्प्युटरविरुद्ध दोघी एका बाजूने खेळा. चाल दोघींना पटल्याशिवाय करायची नाही. आमच्याकडे यावरून भांडणं होतात हे आधीच सांगून ठेवतो.

---

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनाखेळाडू, राजा-प्याद्याचा डाव काल मांडला. ती काळ्याकडून तीनदा हरली, मग पट फिरवून पांढऱ्याकडून जिंकली आणि आता सासऱ्यांना "कडेचं प्यादं घेऊ नका आजोबा" म्हणून शिकवतेय. कडेच्या प्याद्याला बरोबरी का होते ते आम्हा दोघींना अजून नीट उमगलेलं नाही. सांगू नका, शोधतोय.

"पट फिरव" मात्र जोरदार गाजलं. तिचा हत्ती आणि उंट वर होते तेव्हा मी म्हटलं. लेक चिडली, "हे चीटिंग आहे" झालं. मग गप बसून खेळायला लागली आणि स्टेलमेटमध्ये (राजाला शह नाही, पण करायला चालही नाही) डाव बरोबरीत सोडवलान. एवढी वर असून मी जिंकू शकले नाही, हेही लिहून ठेवते. चित्रांची वही उघडली नाही.

आता एक शंका, त्यावरून घरी वाद चालू आहे. पट फिरवला की घड्याळही फिरवायचं का? तिचं म्हणणं, वेळ ज्याची त्याची.

---

अडीच घर

लेकीचं बरोबर आहे. वेळ ज्याची त्याची. फक्त पट फिरवल्यावर चाल कोणाची ते आधी मोठ्याने म्हणून घ्या, नाहीतर दुसरं भांडण तयार.