मदत हवी आहे: रजिस्ट्री आणि पेपर जुळतंय, तरी सिनिअर म्हणते जुळत नाही

जर्नलक्लबग्रस्त:
परवा जर्नल क्लब आहे आणि मी पार अडकलोय. गुडघेदुखीवरच्या एका गोळीची आरसीटी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली ट्रायल) घेतलीये, जर्नल चांगलं आहे. पेपरात प्रायमरी आउटकम, म्हणजे मुख्य मोजमाप, १२ आठवड्यांनी वेदनेचा स्कोअर, रजिस्ट्रीत (ट्रायलची आधी नोंद करतात तिथे) बघितलं तर तिथेही १२ आठवडेच, तरी सिनिअर म्हणते जुळत नाही, नीट बघ, आणि आता फोन उचलत नाहीये. काय नीट बघू? पटकन सांगा कोणीतरी, निबंध नको प्लीज.

शून्य_गृहीतक:
कुठली रजिस्ट्री? ट्रायल सुरू कधी झाली, संपली कधी? नोंद शेवटची कधी बदलली? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

जर्नलक्लबग्रस्त:
अमेरिकन, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह. तारखा नाही बघितल्या. अहो पण आउटकम जुळतोय ना, मग तारखांचं काय लोणचं घालायचंय?

शून्य_गृहीतक:
हो, तारखांचंच. तुम्ही उघडलीत ती आजची नोंद. ही नोंद नंतरही बदलता येते, म्हणजे निकाल हातात आल्यावर नोंदच पेपराप्रमाणे करून ठेवली तर ती जुळणारच की. पण जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत. त्याच पानावर रेकॉर्ड हिस्टरीचा टॅब आहे, त्यातली सगळ्यात पहिली आवृत्ती उघडा आणि प्रायमरी आउटकम पेपरशेजारी ठेवून वाचा. नुसतं काय मोजायचं ते नाही, कधी मोजायचं तेही, टाइम फ्रेमचा रकाना वेगळा असतो आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

खडूस_काका:
कशाला एवढी उस्तवार, सगळे पेपर असेच असतात. पॅरोक्सेटिनची ३२९ नंबरची स्टडी बघा. किशोरवयीन मुलांचं डिप्रेशन, २७५ मुलं, प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, प्रायमरी म्हणून जे ठरवलं होतं त्यात गोळी प्लासिबोपेक्षा (नकली गोळीपेक्षा) सरस ठरली नाही, मग मागाहून घुसवलेल्या मोजमापांवर भर देऊन २००१ ला छापलं की गुणकारी आहे आणि सहनही होते. २०१५ ला दुसऱ्या लोकांनी तोच डेटा परत तपासून बीएमजे या जर्नलात छापला, तर ना गुणकारी ना सुरक्षित. मी तर पेपर वाचणंच सोडलंय.

भिंग_घेऊन:
काका, वाचणं सोडलंय तर या धाग्यावर काय करताय :) आणि ३२९ इथे नीट बसत नाही. ती ट्रायल १९९४ ची, ही रजिस्ट्री सुरू झाली २००० ला. आधी नोंदणी नसेल तर छापणार नाही असं मोठ्या जर्नलांच्या संपादकांनी २००४ ला जाहीर केलं आणि लागू झालं जुलै २००५ पासून.

खडूस_काका:
बरं, मग त्यानंतर काय दिवे लागले?

भिंग_घेऊन:
फार नाही, ते मान्य. २००९ च्या जामा या जर्नलातल्या अभ्यासात नीट नोंदलेल्या १४७ ट्रायल होत्या, त्यातल्या ४६ मध्ये छापलेला प्रायमरी आउटकम नोंदीशी जुळत नव्हता. मग २०१५ ला ऑक्सफर्डमधून बेन गोल्डेकर आणि मंडळींनी कम्पेअर नावाचा उद्योग केला, पाच बड्या जर्नलांमध्ये तेव्हा छापून येत असलेल्या ६७ ट्रायल ओळीने तपासल्या. ९ स्वच्छ निघाल्या. बाकी ५८ बद्दल जर्नलांना पत्रं पाठवली, छापली गेली २३.

मीठ_चवीपुरतं:
त्यावर काही संपादकांनी काय उत्तर दिलं तेही सांगा की, नुसती रजिस्ट्री बघून निवाडा करू नका, खरा दस्तऐवज प्रोटोकॉल. मला ते अर्धं पटतं. मी एका ट्रायलला कोऑर्डिनेटर होतो, मधेच एक स्केल बदलावी लागली कारण पेशंटना दोन प्रश्न कळतच नव्हते, एथिक्स कमिटीची मंजुरी वगैरे सगळं रीतसर, पण रजिस्ट्रीचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरी सोडून गेलेला, आणि ते काम नक्की कोणाचं हे कोणालाच माहीत नाही. नोंद बदलली सात महिन्यांनी. बाहेरून बघणाऱ्याला आम्हीही लबाडच दिसणार.

भिंग_घेऊन:
मग पेपरात लिहायचं ना, स्केल बदलली, अमुक तारखेला, अमुक कारणाने. कन्सॉर्ट, ट्रायलचा पेपर कसा लिहावा याची नियमावली, तेवढंच तर मागते, बदलू नका असं कुठे म्हणतेय?

मीठ_चवीपुरतं:
लिहिलं होतं हो. तुम्ही लगेच अंगावर येता.

आर_प्रेमी:
आधी पॉवर काढा. सॅम्पल साइज बरोबर आहे का बघा, आर मध्ये दोन ओळींचं काम आहे, एक्सेलमध्ये अजिबात करू नका. कोड हवा असेल तर देतो.

शून्य_गृहीतक:
पॉवर कोणी विचारलीये?

शमा_७:
माझ्या सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, औषधाचं नाव सांगाल का प्लीज?

जर्नलक्लबग्रस्त:
सापडलं!! पहिल्या आवृत्तीत २४ आठवडे आहे. १२ केलंय ते ट्रायल संपल्यानंतर दोन महिन्यांनी. आणि २४ चा निकाल कुठे टाकलाय माहितीये? पेपराच्या सप्लिमेंटमध्ये, म्हणजे पुरवणीत, सातव्या टेबलच्या शेवटच्या ओळीत, पी व्हॅल्यू ०.३१, म्हणजे सिग्निफिकंट नाहीच. पेपरात बदलाबद्दल चकार शब्द नाही. स्लाइडवर सरळ फ्रॉड लिहू का?

शून्य_गृहीतक:
नका लिहू, कोणीतरी उठून विचारेल पुरावा काय, आणि तुमच्याकडे नसेल. जे दिसतंय तेवढंच लिहा, नोंद २४, पेपर १२, बदल ट्रायल संपल्यावर, कारण दिलेलं नाही. आणि हे का महत्त्वाचं ते एका ओळीत सांगा, औषधात काही दम नसला तरी २० वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या तर निदान एक तरी नुसत्या योगायोगाने सिग्निफिकंट (पी ०.०५ च्या खाली) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. निकाल बघून प्रायमरी निवडायचा म्हणजे बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढायचं. सप्लिमेंटमध्ये प्रोटोकॉल आहे का? त्यात दुरुस्त्यांच्या तारखा असतात.

जर्नलक्लबग्रस्त:
आहे, ८४ पानी. वाचला (म्हणजे चाळला). तिसऱ्या दुरुस्तीत १२ आठवडे आलंय, रजिस्ट्रीतल्या बदलाच्या तीन आठवडे आधी, पण शेवटचा पेशंट होऊन गेल्यावरच. ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला कुठली गोळी दिली ते गुपित, कधी उघडलं ते कुठेच सापडत नाही.

मीठ_चवीपुरतं:
मग सगळं त्यावर अडलंय. ते गुपित उघडायच्या आधी बदललं असेल तर एक वेळ समजू शकतो. लेखकांना मेल टाका, करस्पाँडिंग ऑथरचा पत्ता पहिल्या पानावर असतो.

खडूस_काका:
उत्तर येणार नाही. लिहून ठेवा.

जर्नलक्लबग्रस्त:
मेल टाकलाय. आणि आत्ता सिनिअरचा मेसेज आला, "हिस्टरी टॅब बघितलास का?" आत्ता!! धन्यवाद सगळ्यांना, स्लाइड करायला बसतो.

शमा_७:
औषधाचं नाव तेवढं राहिलं.

जर्नलक्लबग्रस्त:
अहो ताई, २४ आठवड्यांनी प्लासिबोत आणि त्याच्यात फरक दिसला नाही, तेच तर वर चाललंय. डॉक्टरांना दाखवा त्यांना.