‘परवडत नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

माजघर:
आईला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, डोक्यावर कर्ज नाही. परवा नळस्टॉपहून परत येताना रिक्षावाल्याने 40 रुपये सांगितले. “परवडत नाही रे बाबा” म्हणून बाई दोन किलो कांद्यांची पिशवी घेऊन चालत सुटल्या. त्याच संध्याकाळी कामाच्या मावशींना मुलीच्या क्लाससाठी 6,000 रुपये पाकिटात घालून दिले. मी विचारलं, हे परवडतं? “ते वेगळं,” म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मला वाटतं तिला ‘पटत नाही’ म्हणायचं असतं, पण तोंडात ‘परवडत नाही’ येतं. माझंही तेच. ऑफिसातली मंडळी दर शुक्रवारी बाहेर जेवायला जातात, माणशी 900 च्या खाली बिल येत नाही. मला ते पटत नाही, पण बोलताना “या महिन्यात परवडत नाही यार” एवढंच निघतं. मग कोणीतरी उदारपणे “चल, तुझे मी भरतो” म्हणतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. या दोहोंतला फरक नेमका सांगणारा शब्द मराठीत आहे का?

रोजमेळ:
तुमच्या आईंचं मराठी तुमच्यापेक्षा चांगलं आहे, रागावू नका. ‘परवडणे’ म्हणजे खिशात पैसे असणे, हा अर्धाच अर्थ झाला. मंडईत मेथीची जुडी 10 ला मागून बघा. भाजीवाली म्हणते, “नाही परवडत ताई, मलाच 12 ला पडलीय.” तिच्याकडे पैसे नाहीत असं ती म्हणत नाही. दिल्याच्या बदल्यात जे हाती येतं ते पुरेसं नाही, असं म्हणते. म्हणजे हा शब्द मुळात पाकिटाचा नाहीच, तागडीचा आहे.

पैशाशी काडीचा संबंध नसलेला प्रयोगही बघा: “एक वेळ उपाशी राहिलेलं परवडलं, पण त्याच्यापुढे हात पसरणं नको.” इथे काय पडलं तागडीत? एका पारड्यात भूक, दुसऱ्यात मान. ज्याला आपण पुस्तकी भाषेत जीवनमूल्यं वगैरे म्हणतो, ते आजीच्या तोंडी एका ‘परवडलं’मध्ये यायचं.

खिशाबद्दलच बोलायचं तर त्याला ‘ऐपत’ आहे. आणि गंमत म्हणजे ‘माझी ऐपत नाही’ म्हणताना जीभ अडते, कारण तिथे उणेपणा माझा असतो. ‘मला परवडत नाही’मध्ये दोष त्या वस्तूकडे जातो. म्हणून तर तो शब्द सोयीचा.

कनवटी:
सोयीचा यावरून आठवलं. सरकारी कागदावर ‘परवडणारी घरे’ असतात. जीएसटीसाठी त्याची व्याख्याही आहे: किंमत 45 लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट, महानगरांत 60 चौरस मीटरपर्यंत, इतरत्र 90. बांधकाम चालू असताना तसं घर घेतलं तर 1 एप्रिल 2019 पासून कर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. महानगरांच्या यादीत मुंबई महानगर आहे, पुणं नाही. म्हणजे पुण्यात 45 लाखांत 90 चौरस मीटर, साधारण 970 चौरस फूट, कार्पेट. मिळालं तर मलाही कळवा.

पण शब्दाची खरी चोरी वेगळीच आहे. मराठीत हे क्रियापद ‘कोणाला?’ विचारल्याशिवाय पुरं होत नाही. मला परवडतं, तुला परवडतं. ‘परवडणारी घरे’ म्हटलं की तो ‘ला’ गाळला जातो, आणि ज्याला परवडत नाही त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

दिवाणजी:
‘पटणे’कडे कोणी वळलंच नाही. आमचे वडील अडत दुकानात दिवाणजी होते, म्हणून हे नाव. आज चेक वटतो, तशी पूर्वी हुंडी पटायची. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने रोकड मोजली की हुंडी पटली. संत नरसी मेहत्याने द्वारकेच्या शामळशावर, म्हणजे कृष्णावरच, 700 रुपयांची हुंडी लिहिली आणि देवाने ती पटवली, ही कथा कीर्तनात ऐकलेल्यांना ‘पटवली’ खटकणार नाही. आता ‘पटवणे’ म्हटलं की पोरं दुसरंच काही समजतात, असो.

तेव्हा ‘परवडणे’ पैशाचं आणि ‘पटणे’ मनाचं, अशी वाटणी मला मान्य नाही. ‘पटणे’ हा शब्दही पेढीच्या गादीवर बसलेला आहे. जेवणाचं बिल ‘मला पटत नाही’ म्हणजे ते माझ्यावर लिहिलेलं आहे खरं, पण मी ते वटवणार नाही. माजघर, तुम्ही शुक्रवारी सरळ ‘पटत नाही’ म्हणा. ‘परवडत नाही’ला लोक पैसे देऊ करतात. ‘पटत नाही’ला फार तर वाद घालतील.

चिंचोका:
वाद घालायला मीच येतो. हे सगळं चिकटपणाला तत्त्वाचा मुलामा देणं चाललंय. आमच्या नात्यात एक गृहस्थ लग्नाच्या आहेरात 51 रुपये घालायचे आणि वर “मला असल्या प्रथा पटत नाहीत” म्हणायचे. जेवायला मात्र सहकुटुंब.

माजघर:
मग ‘काटकसर’ आणि ‘चिकटपणा’ यांत रेघ कुठे मारायची?

चिंचोका:
काटकसरी माणूस आपल्या ताटातलं काढतो, चिक्कू दुसऱ्याच्या.

कनवटी:
छान वाक्य आहे, पण आमचे काका दोन्ही ताटांतलं काढायचे.

रोजमेळ:
आईंच्या 6,000 साठी मात्र नेमका शब्द आहे: पदरमोड. बायका पदराच्या टोकाला पैशाची गाठ मारायच्या, तो पदर. आणि ‘मोड’ म्हणजे एफडी मोडतो, पाटली मोडतो, ते मोडणं. पण वापर बघा. मी स्वतःसाठी टीव्ही घेतला तर कोणी ‘पदरमोड केली’ म्हणत नाही, पैसे माझेच असले तरी. मास्तरांनी शाळेसाठी खडू आणले, मंडळाच्या नाटकासाठी कोणी टेम्पोचं भाडं भरलं, तर ती पदरमोड. आपल्यावर नसलेला खर्च आपण होऊन उचलायचा. शब्दात किंचित झळ आहे, पण तक्रार नाही. याला मला दुसऱ्या कोणत्या भाषेत जोड सापडलेली नाही, पण मला भाषा तरी किती येतात.

दिवाणजी:
तुकोबांशिवाय ही चर्चा उठू नये. “जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥” शाळेत मला वाटायचं, तोंड पाडून खर्च करायचा. आमच्या घरी लाइटबिल भरताना वडील तसंच करत, त्यामुळे शंका आली नाही. ‘उदास’ म्हणजे इथे खिन्न नव्हे. उद् अधिक आस, बाजूला सरून बसलेला. गीतेतला ‘उदासीन’ तोच. खर्च करायचा, पण त्यात जीव अडकवायचा नाही.

आणि ‘वेच’! वेच म्हणजे खर्च. आज तो ‘देशासाठी आयुष्य वेचलं’ एवढ्यात उरलाय. पण फुलं वेचतात, कापूस वेचतात, तिथे तसंच दिसणारं क्रियापद गोळा करण्याचं आहे. उच्चारात फरक नाही, संदर्भाने ओळखायचं. हा अभंग लिहिणारा माणूस महाजनाच्या घरचा, दुकान चालवलेला. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. भावाच्या वाट्याची सोडली नाहीत, हेही परंपराच सांगते. हिशेब पक्का होता.

चिंचोका:
भावाच्या वाट्याचं मला माहीत नव्हतं. 51 रुपयांवाल्यांना सांगतो.

माजघर:
काल आईला सरळ विचारलं: रिक्षा परवडत नाही की पटत नाही? लसूण सोलता सोलता म्हणाली, “दोन्ही नाही. रिक्षात बसलं की वाटेत कोणी भेटत नाही. चालत आलं की फुलवाली असते, पोस्टातली ती असते, कट्ट्यावर दोघीजणी असतात. घरी येऊन तरी कोणाशी बोलायचंय?” मी दिवसभर ऑफिसात असतो. शब्दकोश मिटला.

रोजमेळ:
मिटू नका. तिसरं क्रियापद आहे: ‘करमत नाही’. तेही ‘मला’च घेतं.