अनुभव धागा: तुमच्या नावाआधी काय लावतात?

पुरुषाला एकदा श्री. चिकटले की जन्मभर पुरते. बाईचे कु., सौ., श्रीमती, गं. भा. असे बदलत राहते, आणि तो बदल बहुधा दुसरेच कोणी ठरवते. पत्रिका, फॉर्म, सत्कार, कुठलाही अनुभव लिहा. सौ. आवडत असेल तर तेही बिनधास्त लिहा.

*

बाबा गेले त्या वर्षी भावकीतल्या लग्नाच्या पत्रिकेत आईच्या नावाआधी पहिल्यांदा गं. भा. आले. आईने पत्रिका मिटली आणि म्हणाली, "बरी आठवण ठेवली." पुढच्या लग्नाचा मजकूर मीच करायला घेतला. नुसते गं. भा. काढून भागत नाही, कारण बाकीच्यांचे सौ. राहिले की आईचे कोरे नावच सगळे सांगून जाते. म्हणून सगळ्यांचेच काढले. काकू रुसल्या, अजून रुसलेल्याच आहेत. एप्रिल २०२३ मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव मांडायला सांगितले, तेव्हा टीका झाली आणि 'निर्णय झालेला नाही' असा खुलासा आला. आई बातमी बघून एवढेच म्हणाली, "यांना आमचे नाव पुरत नाही का?"

*

मी त्या काकूंच्या बाजूची. सौ. मला आवडते, मी हौसेने लावते. पण वीजबिलावर नको, तिथे त्याचे काय काम?

*

हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली. उत्तरेकडच्या सहकाऱ्याने आदराने पाकिटावर 'श्रीमती' लिहून माझ्या घरी निमंत्रण पाठवले. सासूबाई कडाडल्या, "माझा मुलगा चांगला धडधाकट आहे!" सरकारी पत्रात सरसकट श्रीमती असते, ते त्यांना चालते. घरच्या पाकिटावर नाही.

*

घटस्फोटानंतर भरलेल्या फॉर्मवर तीनच पर्याय होते. कु. म्हणावे तर लेक कॉलेजात, सौ. म्हणावे तर कोर्टाचा निकाल हातात. श्रीमतीवर खूण केली. खिडकीपलीकडच्या बाई हळहळल्या, "कधी गेले हो?" म्हटले, "गेले नाहीत, मजेत आहेत."

*

आम्ही दोघे डॉक्टर. कार्यक्रमाच्या फलकावर हे 'डॉ.' आणि मी 'सौ. डॉ.'. पदवी एकाच वर्षाची, माझी मात्र दुसऱ्या नंबरवर.

*

हे फक्त आपल्याकडचे नाही. फ्रान्सने २०१२ मध्ये सरकारी फॉर्मांवरून 'मादम्वाझेल', म्हणजे त्यांचे कुमारी, काढले, सगळ्या बायका मादाम. आपल्याकडे सुश्री आहे की, पण ते ऐकले की मला बातम्यांतल्या पुढारी बाईच आठवतात.

*

मी लग्न केले नाही. निवृत्तीच्या मानपत्रावर ठळक अक्षरात 'कु.' होते. सूत्रसंचालकाने 'कुमारी' असे वाचले आणि व्यासपीठावर हार घेऊन उभी असलेली विद्यार्थिनी माझ्याऐवजी पुढे झाली.