पुण्याहून गोवा, किनाऱ्याकिनाऱ्याने: आधी मुक्काम ठरवायचे की आधी वाट?

वळणवाट

दिवाळी सरली की ओळखीपाळखीत गोव्याचे बेत सुरू होतात, आणि हल्ली निम्म्या लोकांना महामार्ग नको, किनाऱ्याने जायचं असतं. उत्तमच आहे. पण बेत आखताना सगळे नकाशा उघडून किलोमीटर मोजत बसतात, रस्ता ठरवतात आणि राहायचं कुठे ते शेवटी बघतात. माझं ठाम मत आहे की या वाटेवर आधी मुक्काम पक्के करावेत. ते ठरले की कुठला फाटा घ्यायचा, कुठला सोडायचा हे आपसूक ठरतं.

याचं कारण खाड्या. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं अंतर महामार्गावर एका दिवसात होतं. इथे पुणेकर ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून दिवेआगरला आला तर आगरदांडा-दिघीची बोट वाचते, पण बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या तीन फेरीबोटी उरतातच. दाभोळची खाडी बोटीने ओलांडायला पाव तास लागतो. शेवटची बोट हुकली तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागर गाठायला तीन तासांहून जास्त जातात, तेही अंधारात. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग असते, आणि एक बोट भरून गेली की पुढची येईपर्यंत थांबणं आलंच. म्हणून दिवेआगर ते गुहागर हे सव्वाशे-दीडशे किलोमीटर मी अख्ख्या दिवसाचे धरते.

माझा हिशेब असा: दिवसाला दीडशेच्या आत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तर पाचपर्यंत खोलीवर. आणि दोन रात्रींशिवाय मुक्काम हलवायचा नाही. दिवेआगर, गुहागर, मालवण आणि मग गोवा. फक्त गुहागर ते मालवण एका दिवसात फार होतं. मधे एक रात्र लागणार. ती गणपतीपुळ्याला टाकावी की कुणकेश्वरला, यावरही मतं हवी आहेत. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि शाळेतली दोन मुलं.

मोकळा लगाम

मला हे अजिबात पटत नाही. खोल्या आधी पक्क्या केल्या की किनाऱ्याचा रस्ता तुमच्या हातातून जातो.

हेदवीचं बघा. तिथली बामणघळ भरतीला बघायची. लाट त्या चिंचोळ्या फटीत शिरते, आत कोंडते आणि एकदम उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसता काळा कातळ दिसतो. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे महिनाभर आधी खोली धरताना हे कुणी बघत नाही. तुम्ही साडेअकराला पोचलात आणि भरती तीनला असली, तर पुढे पैसे भरलेले लोक ओहोटीतले कातळ बघून निघून जातात. मी दशभुज गणपतीचं दर्शन घेतो, गावातच जेवतो, तीनला घळ बघतो आणि रात्री वेळणेश्वरला राहतो. काशेलीला देवघळीच्या कड्यावर सूर्यास्ताला थांबायचं तर त्या रात्री मालवण विसरा. असे थांबे आधी कागदावर मांडता येत नाहीत.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत दापोली-गुहागर तालुक्यांत खोली मिळत नाही असं होत नाही. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी दर दोन वळणांवर आहे. खोली डोळ्यांनी बघून, पलंगावर बसून, नळ सोडून बघून मग हो म्हणावं. फोटोवरून धरलेली खोली कशी निघते ते सगळ्यांना माहीत आहे.

घाटमाथा

मी तिसरंच म्हणेन. आईबाबा आणि मुलं असतील तर मुळात किनाऱ्याने जाऊच नका. पुण्याहून पहाटे साडेचारला निघा. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. पणजीपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. कराड-कोल्हापूर पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे थोडा वेळ जातो, तरी दुपारच्या चहाला गोव्यात असता. वाचलेले दिवस तिथे एकाच घरात काढा.

निसर्ग म्हणाल तर आजरा ते आंबोली हा पट्टा कुठल्याही किनाऱ्याच्या तोडीचा आहे. आजरा मागे पडलं की गाड्या विरळ होतात आणि रस्ता झाडीत शिरतो. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ अर्धा तास बसा, आईबाबांनाही ते देऊळ आवडेल. रोज सकाळी बॅगा भरा, डिकीत रचा, ओले टॉवेल पिशवीत कोंबा, औषधाचा डबा शोधा, संध्याकाळी सगळं परत उपसा, हे घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं. सहल तिचीही असते. एवढे मुक्काम आखताना तिला कुणी विचारलंय का?

वळणवाट

घाटमाथा, गाडी मीच चालवते आणि बॅगाही बहुतेक मीच भरते. म्हणूनच दोन-दोन रात्रींचा हट्ट. तुमचा बॅगांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, पण त्यावर एका दिवसात साडेचारशे किलोमीटर हा उपाय नाही. बाबांचे गुडघे इतके तास दुमडून राहात नाहीत, दर दीड तासाला उतरावं लागतं.

मोकळा लगाम, नळ सोडून बघणं एकट्याने फिरताना ठीक आहे. संध्याकाळी सहाला दोन म्हातारी माणसं आणि भुकेली मुलं गाडीत बसवून मी तीन घरांचे नळ तपासत फिरू शकत नाही. आम्हाला तळमजल्याची खोली लागते, कमोड लागतो, अंगणापर्यंत गाडी जावी लागते. अशा खोल्या एकेका घरात एखाददुसरीच असते आणि तीच आधी जाते.

रातराणी

दिवसाच का चालवायचं पण? मुंबई-गोवा महामार्गाने रात्री दहाला निघा, मुलं झोपतात, ऊन नाही, कशेडीला आता बोगदा झालाय. सकाळी कुडाळला घावणे-चटणी. एका मुक्कामाचे पैसे वाचतात आणि अख्खा दिवस हातात राहतो.

साखरपा फाटा

रातराणी, आम्ही या रस्त्यावर राहतो म्हणून कळकळीने सांगतो, रात्री नको. काम झालेल्या पट्ट्यात गाडी शंभरने जाते आणि अचानक रस्ता वळवलेला असतो. पाटी अंधारात दिसेपर्यंत तुम्ही तिथे पोचलेले असता. गुरं रस्त्यावर बसतात. पहाटे तीन ते पाच या वेळात समोरचा ट्रकवाला जागा आहे की पेंगतोय हे तुम्हाला कळत नाही. आणि पावसाळ्यात तर विचारही करू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी नदीत गेल्या. पुढचा पूल जागेवर नाही हे त्या काळोखात चालकांना दिसणार कसं?

रात्रीचे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

नारळीपोफळी

आमचं गुहागर तालुक्यात राहण्याजेवण्याचं घर आहे, तेव्हा या बाजूनेही थोडं ऐका.

आठवड्यात खोली मिळते हे मोकळा लगाम यांचं खरं आहे. पण जेवण? न सांगता रात्री साडेआठला सहा माणसं दारात उभी राहिली की आम्ही नाही म्हणत नाही. पिठलं-भात, पापड, लोणचं देतो. आणि ती माणसं मग सांगत फिरतात की कोकणात जेवायला काही मिळत नाही. उकडीच्या मोदकांना पिठी लागते, नारळ खोवून गूळ घालून सारण करायचं, उकड काढून ती गरम असताना मळायची, मग एकेक पारी हाताने. सकाळी अकरापर्यंत कळलं तर रात्री पानात मोदक असतात. मासळीचंही तेच. ती सकाळीच घ्यावी लागते, आणि संध्याकाळी कुणी येणार आहे हे माहीत नसेल तर कुठल्या हिशेबाने घ्यायची? छोट्या घरात उरलेलं सोसत नाही.

दुसरं म्हणजे तारखा धरून ऐनवेळी न येणारे. नाताळच्या आठवड्यात आम्ही चार जणांना परत पाठवतो आणि ज्यांच्यासाठी खोली राखली ते सहाला फोन करून सांगतात की दापोलीच आवडली, इथेच राहतो. त्यांची मौज होते, आमची ती रात्र रिकामी जाते. मग आम्ही आगाऊ पैसे मागितले की लोकांना राग येतो.

मोकळं फिरायचं असेल तर जरूर फिरा, पण सकाळी नाश्ता करतानाच पुढच्या गावात एक फोन करा. किती माणसं, शाकाहारी किती, किती वाजेपर्यंत याल. एवढ्यावर आमचं सगळं जमतं.

मोकळा लगाम

हे मला पटलं. सकाळचा फोन करायला माझी काहीच हरकत नाही. माझा विरोध महिनाभर आधीच्या आखणीला आहे, दहा तास आधीच्या फोनला नाही.

वळणवाट

पण नाताळ ते एक जानेवारी त्या सकाळच्या फोनला सगळीकडून 'भरलंय' हेच उत्तर येणार. आम्हाला शाळेच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. तुमची पद्धत ज्याला बुधवारी रजा मिळते त्याच्यासाठी आहे, हे तरी माना.

मोकळा लगाम

नाताळात किनाऱ्यावर येऊच नये, हे मी मानतो. फेब्रुवारीत या, दोन दिवसांची शाळा बुडवा. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघितली तर मुलांना पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

स्टेपनी

सगळे मुक्कामांवर भांडताय, दिशेबद्दल कुणीच बोलत नाही. किनारा जाताना नव्हे, येताना करावा.

आपण डावीकडून चालवतो. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. कुठे थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडून गाडी पलीकडे घ्यायची, तीही वळणावर. आणि दुपारनंतरचं सगळं ऊन चालकाच्या खिडकीतून त्याच्याच कानशिलावर. गोव्याहून उत्तरेला येताना समुद्र आपल्याच कडेला असतो. दिवेआगर-श्रीवर्धनमधला शेखाडीचा पट्टा आठवा, रस्ता अगदी पाण्याच्या काठाने जातो. उत्तरेकडे येताना जरा रुंद जागा दिसली की डावीकडे घेतली गाडी, झालं. आरे-वारेचा चढही तसाच.

म्हणजे घाटमाथा यांच्या रस्त्याने जा. आंबोलीत एक रात्र काढून सकाळी घाट उतरा, म्हणजे आजोबांचे गुडघेही सांभाळले जातील. गोवा करा आणि मालवण, गणपतीपुळे, गुहागर, दिवेआगर करत घरी या.

घाटमाथा

जाताना आंबोलीचा मुक्काम एकदम मान्य. पण परतीला किनारा नको. परतीच्या वेळी माणसं दमलेली असतात, सोमवारी कामावर जायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच बोटीची रांग, ओहोटीमुळे खोळंबा. उशिराची शक्यता सहलीच्या सुरुवातीला ठेवावी, शेवटी नाही.

स्टेपनी

शेवटचा मुक्काम दिवेआगर ठेवला तर तिथून पुणे चार-पाच तास आणि वाटेत एकही बोट नाही. तिन्ही खाड्या त्याआधीच्या दिवसांत संपलेल्या असतात. उलट जाताना किनारा केला तर गोव्याहून परत यायला एका दमात तेच साडेचारशे किलोमीटर, रविवारी, सगळ्या गर्दीबरोबर.

वळणवाट

स्टेपनी, दिशेचा मुद्दा मी असा कधी मांडूनच बघितला नव्हता. बाबा डावीकडे पुढे बसतात, समुद्र त्यांच्या खिडकीला येईल. आंबोलीने जाणं आणि किनाऱ्याने येणं, हे मी घरी मांडते. मुक्काम मात्र आधी धरूनच. उलट येताना आता मालवण ते गुहागर या पट्ट्यात मधली रात्र लागते, तेव्हा प्रश्न तोच: कुणकेश्वर की गणपतीपुळे?

साखरपा फाटा

गणपतीपुळे. मालवण ते कुणकेश्वर फार जवळ आहे, दुपारच्या जेवणालाच पोचाल आणि दुसऱ्या दिवसाचं अंतर तसंच अंगावर राहील. सकाळी आठला मालवण सोडा, आचऱ्यावरून कुणकेश्वरला देऊळ आणि किनारा, देवगडला जेवण, मग जैतापूर, आडिवरे, पावस. उजेडात रत्नागिरी ओलांडायची, आरे-वारेला सूर्यास्त. विजयदुर्ग त्या दिवशी करू नका. तो बघायचा तर निवांत दोन तास हवेत.

मोकळा लगाम

विजयदुर्ग सोडून जायचं? मी कुणकेश्वरलाच राहीन, आणि सकाळी ऊन चढायच्या आत किल्ला. मुलं शाळेत शिवाजी महाराज शिकतायत आणि तुम्ही त्यांना विजयदुर्गाच्या फाट्यावरून पुढे नेणार, मला नाही पटत. त्यासाठी गुहागरची एक रात्र कमी करा.

नारळीपोफळी

गुहागरची रात्र कमी झाली तरी मी हेच सांगेन, किल्ला बघा. फक्त गणपतीपुळे ठरवाल तर पंचांग उघडून अंगारकी नाही ना ते आधी बघा. त्या दिवशी पुळ्यात गाडी लावायलाही जागा नसते. आणि दुसऱ्या सकाळी जयगडच्या धक्क्यावर लवकर या, बोटीची वेळ आदल्या रात्रीच फोन करून विचारून ठेवा, त्या वेळा बदलत असतात.