मदत हवी आहे: केळव्याजवळ मामांच्या घरात पाहुणे ठेवायचे आहेत, किती ठेवता येतील?

सिडकोवासी (नाशिक):
पालघर जिल्ह्यात केळव्याजवळ मामांची दोन एकर वाडी आहे. नारळ, चिकू, तीन खोल्यांचं कौलारू घर. घरात सहाजण राहतात. भरतीरेषेपासून घर अंदाजे 160 मीटर, विहीर 220 मीटर. पुढे वाळूचे उंचवटे आणि सुरूचं बन, उत्तरेला खाडी आणि तिवरं (खारफुटी). तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, मागच्या पडवीत घरच्यांची सोय, आणि बनात सहा तंबू, असा बेत आहे. मिळून वीस पाहुणे. नाशिकची मंडळी जव्हारमार्गे शनिवार-रविवारी येतील. वाडी आणि किनारा न बिघडवता हे कसं जमवावं? बोअर घ्यावं का?

खाडीकाठ:
आधी जागेचं बघा. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटरपर्यंत बांधकामबंदी, कमी असेल तर 200 मीटर. तुमचं घर नेमकं कुठे पडतं ते मंजूर नकाशावर गट नंबर लावून बघा; भरतीरेषा पावलांनी मोजून चालत नाही.

घरात पाहुणे ठेवायला वाट आहे, पण ती तिथे राहणाऱ्यांसाठी. जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणून नोंदणी मामांच्याच नावाने करा. पडवीवर नवीन स्लॅब टाकलात की हा आधार गेला.

तंबूंचं अवघड आहे. सुरूचं बन बऱ्याचदा वनविभागाचं किंवा सरकारी असतं, सातबारा काढून बघा. स्वतःचं निघालं तरी सिमेंटचा ओटा करू नका. तिवरांचं बन 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागतो. होडीच्या धक्क्यासाठी फांदीही तोडायची नाही.

पाणाडी:
बोअरचा विचार सोडून द्या. नाशिककडे द्राक्षबागेतलं बोअर आटलं की टँकर येतो, पाऊस झाला की बोअर पुन्हा चालू. इथे बोअर आटत नाही, खारं होतं, आणि एकदा खारं झालं की कित्येक पावसाळे गोडं होत नाही.

वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 मीटर असतं. म्हणजे उपशाने पातळी हातभर उतरली की खालून खारं पाणी कितीतरी वर चढतं. नियमही तसाच आहे: 200 मीटरच्या आत उपसा फक्त स्थानिकांच्या वापरापुरता, 200 ते 500 मध्ये साध्या विहिरीतून, हाताने, तोही दुसरा स्रोत नसेल तरच. त्यामुळे पाहुण्यांच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीच्या नळाचा विचार करा.

आता हिशोब. माणशी 135 लिटर धरले तर वीस पाहुण्यांचे रोजचे 2700 लिटर. घरचे सहाजण धरून 3510. तेच आठ पाहुण्यांचे 1080. मे महिन्यात आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोर सोडून पाण्याची पातळी मोजा आणि टीडीएस मीटरने क्षार बघा, आणि आकडे वहीत लिहा. क्षारांचा संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा रोज चढत असेल तर विहिरीला आताचाच उपसा जड जातोय. खाटा किती टाकायच्या ते या वहीवरून ठरवा. शॉवर नको, बादली-तांब्या ठेवा.

सिडकोवासी:
समजलं. तंबू रद्द, आठच पाहुणे. शोषखड्डा खोल घेतला तर चालेल ना?

पाणाडी:
खोल तर अजिबात नको. खोल खड्ड्यातला मैला नीट न गाळता भूजलात आणि तिथून विहिरीकडे जातो. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान 18 मीटर सोडतात. मोकळ्या वाळूत त्याहून जास्त सोडा. चौदा माणसांचं सांडपाणी रोज साधारण 1500 लिटर. तीन कप्प्यांची, गळती नसलेली टाकी बांधा. पावसाळ्यात भूजल वर येतं तेव्हा रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि पाइपाचे सांधे निखळतात, म्हणून मैला उपसायचा तो पावसाळ्याआधीच आणि उपसल्याबरोबर टाकी पाण्याने भरायची. टाकीतलं पाणी पुढे कर्दळीच्या वाफ्यात सोडा: माणशी दोन चौरस मीटर म्हणजे 28, खोली 60 सेंटिमीटर, 10 ते 20 मिलिमीटरची खडी, तळाला जाड प्लास्टिक. वाफा जमिनीच्या वर उचलून बांधा.

रेतीवाट:
उंचवट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. तिथे मर्यादवेल आणि रावणाची मिशी असेल, ती गवत समजून साफ करू नका. वेलीच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तीच रेती धरून ठेवतात. समुद्राकडे जायला एकच वाट ठेवा, तीही नागमोडी. सरळ वाट वाऱ्याच्या तोंडी आली की तिची घळ होते आणि पावसाळ्यात लाट त्याच घळीतून वाडीत शिरते. वाटेवर फळ्या टाका, गाड्या घराशीच थांबवा.

समुद्राकडे तोंड करून दिवा लावू नका. कासवाची पिल्लं अंड्यातून साधारण 45 ते 60 दिवसांनी बाहेर येतात आणि उजेडाकडे चालतात. दिवा वाडीत असेल तर वाडीकडे. गुडघ्याइतक्या उंचीचे, खाली तोंड असलेले पिवळे दिवे पुरतात.

खाडी दाखवायची असेल तर गावातल्या बचत गटाशी बोला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका वल्ह्याच्या होड्यांतून तिवरं दाखवतात. नांदूर मध्यमेश्वरलाही पक्षी दाखवतात ती आसपासच्या गावांतली पोरंच.

सिडकोवासी:
या रविवारी मामांकडे दोर, टीडीएस मीटर आणि वही पोचवतो. मे संपला की आकडे इथेच टाकेन. तोवर एक सांगा: नळाचं पाणी दिवसाआड येतं, तर साठवणीची टाकी जोत्यात धरली जाईल का?

खाडीकाठ:
जमिनीवर सुटी ठेवलेली प्लास्टिकची टाकी असेल तर अडचण येऊ नये. पक्की बांधायची असेल तर आधी ग्रामपंचायतीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.