तालुका वाचनालय आणि विद्यापीठ ग्रंथालय: सायबर सुरक्षेसाठी एकच गुणपत्रिका चालेल का?

नोंदवही (धागाकर्ती)

महाराष्ट्रात अनुदानपात्र सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. शिवाय कॉलेजांची, विद्यापीठांची आणि खाजगी संशोधन संस्थांची ग्रंथालयं वेगळीच. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अ-ब-क-ड वर्गवारीत पुस्तकं, सभासद, नियतकालिकं यांचा हिशेब लागतो. कॉलेजात नॅकच्या मूल्यांकनासाठी ग्रंथालय संगणकीकृत आहे की नाही हे विचारतात. संगणकात शिरलेली सभासदांची माहिती सुरक्षित आहे का, हे कुणी एकमेकांशी ताडून बघत नाही.

माझा प्रस्ताव असा: सगळ्यांसाठी ४० प्रश्नांची एकच तपासणी यादी आणि १०० गुण, आणि निकाल जिल्हावार जाहीर. यादी नव्याने घडवायची गरज नाही. सीआयएस कंट्रोल्स या सायबर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय उपाययादीच्या आठव्या आवृत्तीत लहान संस्थांसाठी पहिल्या गटात ५६ उपाय दिलेत, त्यातले ग्रंथालयाला लागू पडणारे घ्यायचे. उपकरणांची नोंद आहे का, प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं लॉगिन आहे का, पासवर्डसोबत दुसरी पडताळणी आहे का, सॉफ्टवेअरचे पॅच (सुरक्षा दुरुस्त्या) वेळेवर पडतात का, बॅकअप होतो का. गुण कमी पडले की निदान कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषय तरी निघेल. एरवी कपाटं आणि पुस्तकखरेदीपुढे त्याचा नंबरच लागत नाही.

पोर्टबंद

विरोध. यादीला नाही, बेरजेला.

तालुक्याच्या वाचनालयात एक संगणक, एक प्रिंटर आणि आठ-दहा हजार पुस्तकांचा डेटाबेस. तो रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) गेला तर दाखलनोंदवही समोर ठेवून पुन्हा टंकन करावं लागेल. त्रास आहे, पण देवघेव त्याच दिवशी कार्डावर सुरू होते. विद्यापीठात हजारो विद्यार्थ्यांचं एकच लॉगिन ईमेलला, निकालाला आणि इन्फेड या सामाईक लॉगिन व्यवस्थेमार्फत जर्नल्सना चालतं. तिथे ग्रंथालयाचं पान हे चोराचं आवडतं सोंग असतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवलं, त्यात अमेरिकेतली १४४ आणि बाहेरच्या २१ देशांतली १७६ विद्यापीठं होती. सुरक्षा संशोधक या टोळीला ‘सायलेंट लायब्ररियन’ म्हणतात, कारण तिची हातोटी ठरलेली: ‘तुमचं ग्रंथालय खातं बंद होत आहे’ असा ईमेल आणि खाली हुबेहूब ग्रंथालयाचं लॉगिन पान.

दोघांनाही ७० गुण मिळाले तर त्या ७०चा अर्थ काय?

दुसरं, ‘बॅकअप होतो का?’ या प्रश्नाला कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरणारं प्रत्येक ग्रंथालय ‘हो’ लिहील, आणि कुणीच खोटं बोलत नसेल. डेबियन लिनक्सवर पॅकेजने कोहा टाकला की कोहा-रन-बॅकअप्स ही स्क्रिप्ट रोज आपोआप चालते. फाइली व्हार-स्पूल-कोहा या फोल्डरमध्ये पडतात आणि मूळ सेटिंगनुसार फक्त दोन दिवसांच्या राहतात. म्हणजे त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर, दोनच दिवस. शनिवारी घुसखोरी झाली आणि सोमवारी ग्रंथपालाला कळलं, तर दोन्ही बॅकअप बिघडलेल्या डेटाचेच. सर्व्हर एन्क्रिप्ट झाला तर तेही उरत नाहीत. गुणपत्रिकेत मात्र पूर्ण गुण.

शेल्फमार्क

पोर्टबंद यांच्या म्हणण्याला मोठा दाखला आहे, ब्रिटिश लायब्ररीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऱ्हायसिडा टोळीने तिथे रॅन्समवेअर सोडलं. खंडणी नाकारल्यावर सुमारे ६०० जीबी डेटा बाहेर टाकला. मुख्य कॅटलॉग परत आला १५ जानेवारी २०२४ ला, तोही फक्त वाचण्यापुरता. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीने स्वतःच अहवाल छापला. कुठल्याही संस्थेने आपली लक्तरं इतक्या प्रामाणिकपणे वेशीवर टांगल्याचं उदाहरण विरळाच.

या संस्थेकडे २०१९ मध्ये सायबर एसेन्शियल्स प्लसचं प्रमाणपत्र होतं. ब्रिटनमधलं हे सरकारमान्य प्रमाणपत्र, फायरवॉल, सुरक्षित मांडणी, अपडेट, वापरकर्त्यांचे अधिकार आणि मालवेअरपासून संरक्षण या पाच बाबींचं. ‘प्लस’मध्ये बाहेरचा तपासनीस येऊन खात्री करतो. अनुपालन घ्या, प्रमाणपत्र घ्या, आणि पुढे काय झालं ते बघा.

नोंदवही

शेल्फमार्क, अर्धाच अहवाल सांगितलात. २०२२ मध्ये त्या प्रमाणपत्राचे निकष कडक झाले आणि जुन्या प्रणालींमुळे ब्रिटिश लायब्ररी त्यात बसेनाशी झाली, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे मोजपट्टीने हल्ल्याआधी वर्षभर बरोबर बोट ठेवलं होतं. मोजपट्टी खोटी ठरली नाही, ती वाचून वेळेत काही झालं नाही. यादी जाहीर करा म्हणते ती यासाठीच.

शेल्फमार्क

मान्य, ते सांगायला हवं होतं. पण त्याच अहवालातली दारं कुठून उघडली ते बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये बाहेरच्या भागीदारांना आणि आतल्या आयटी प्रशासकांना दुरून काम करता यावं म्हणून एक टर्मिनल सर्व्हर उभारला होता. घुसखोर बहुधा तिथूनच आले. दुसरी पडताळणी २०२०मध्ये आणली होती, पण क्लाउडवरच्या कामांसाठी. लायब्ररीच्या स्वतःच्या डोमेनला जोडणं खर्च, व्यवहार्यता आणि चालू प्रकल्प यांमुळे त्यातून वगळलं होतं. तुमच्या यादीतल्या ‘दुसरी पडताळणी आहे का?’ला उत्तर ‘हो’ आलं असतं.

प्रश्न ‘आहे का’ असा नको, ‘कुठे नाही’ असा हवा.

आणि बॅकअपचंही तसंच. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या, पण घुसखोरांनी सर्व्हरच उद्ध्वस्त केल्याने त्या परत उतरवायला जागा उरली नाही. काही जुनी सॉफ्टवेअरं नव्या सुरक्षित यंत्रणेवर चालेनात, काहींना कंपनीचा आधारच उरला नव्हता.

दप्तरबंद

ब्रिटिश लायब्ररीचं दुखणं ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत छोट्या वाचनालयाला कशाला चिकटवता? तिथे मानधनावरचा एक ग्रंथपाल असतो, तोच झाडतो, तोच वर्गणी गोळा करतो. त्याला ४० प्रश्न पाठवले की तो चाळीसही ‘होय’ करून शिक्का मारून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवेल. कागदी घोड्यांच्या पागेत आणखी एक घोडा.

तिथला खरा धोका रॅन्समवेअरही नाही. डेस्कटॉपवर ‘सभासद आधार’ नावाचं फोल्डर असतं. अर्जासोबत घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स कुणीतरी हौसेने स्कॅन करून ठेवलेल्या. अनामत रक्कम घेतलेली असताना आधार कशाला, याचं उत्तर कुणाकडे नसतं. त्याच संगणकावर लोक पेनड्राइव्ह आणून नोकरीचे अर्ज छापून घेतात. विंडोज ७ची मोफत सुरक्षा अपडेट जानेवारी २०२०ला थांबली, विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला, आणि नवीन मशीनला पैसे नाहीत.

अशा ठिकाणी तीन कामं सांगा. स्कॅन केलेले आधार पुसा आणि पुढे ओळखपत्र नुसतं बघून परत द्या. कार्यालयाचा संगणक आणि वाचकांचा संगणक वेगळे करा. दुसरा नसेल तर किमान वाचकांसाठी मर्यादित अधिकारांचं खातं काढा. दर शनिवारी डेटाबेसची प्रत दोन पेनड्राइव्हवर आलटून पालटून घ्या, एक कार्यवाहांच्या घरी राहू द्या. जुन्या ई-ग्रंथालय ३ किंवा सोल २ या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर असाल तर मात्र फोल्डर कॉपी करून भागत नाही. सेवा चालू असताना त्यांच्यामागच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेटा फाइल कॉपीच होत नाही, आणि सेवा बंद करून ओढलेली नुसती एक फाइल कधी जोडली जाते, कधी नाही. सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्या आणि फाइलचा आकार मागच्या आठवड्याशी ताडा. शून्य केबीची फाइल महिनोन्‌महिने जपून ठेवलेली सापडते.

शेल्फमार्क

आधार फोल्डरला जोर देतो. ब्रिटिश लायब्ररीच्या नेटवर्कवर घुसखोरांनी वित्त, तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ विभागांचे फोल्डर उचललेच, शिवाय फाइलींच्या नावांत ‘पासपोर्ट’, ‘कॉन्फिडेन्शियल’ असे शब्द शोधून प्रती केल्या. आपल्याकडे ‘आधार’ शोधला की काम झालं. टोरंटो पब्लिक लायब्ररीवर त्याच महिन्यात हल्ला झाला. तिथे सभासदांचा डेटाबेस बचावला, पण एका फाइल सर्व्हरवरून कर्मचाऱ्यांची माहिती गेली, १९९८पासूनच्या आजीमाजी सगळ्यांची. इतकी जुनी माहिती चालू सर्व्हरवर कशाला, हा प्रश्न नोंदवही यांच्या यादीत आहे का?

कलम नऊ

कायद्याची बाजू कुणीच घेतली नाही. अनुपालन म्हणताना कशाचं, ते आधी ठरवा.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं, लॉग (संगणकाच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवणं, घड्याळं एनटीपीशी (इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेशी) जुळवणं. सरकारी संस्था आणि बॉडी कॉर्पोरेट (कंपन्या, व्यावसायिक संस्था) यांना ते लागू. सार्वजनिक न्यासाचं वाचनालय बॉडी कॉर्पोरेटमध्ये बसतं का, यावर वकील भांडू शकतील.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मात्र तशी पळवाट नाही. न्यास असो की संस्था, सभासदांची माहिती संगणकात ठेवलीत की जबाबदारी आली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनांना १८ महिने दिलेत. डेटाफुटी झाली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित सभासदांना विनाविलंब कळवायचं आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेची वाजवी व्यवस्था नसेल तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. लहान वाचनालयाला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण ‘आम्हाला लागू नाही’ हे चालणार नाही. फक्त कागदी नोंदवही असेल तर कायदा लागत नाही. ती स्कॅन केली की लागतो.

आणि बालविभाग! १८ वर्षांखालच्या सभासदाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही बाबतींत सवलत आहे, पण ती सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागालाही मिळते असं गृहीत धरू नका. म्हणजे एकाच पुस्तकासाठी शाळेच्या ग्रंथालयाला एक नियम, गल्लीतल्या वाचनालयाला दुसरा असं होऊ शकतं. एका गुणपत्रिकेत हे कसं बसवणार?

पोर्टबंद

वाचनाचा इतिहास हाही वैयक्तिक डेटाच. कोहामध्ये जुन्या देवघेवीतून सभासदाचं नाव काढणारी बॅच-अ‍ॅनॉनिमाइज ही स्क्रिप्ट आहे, पण आधी ‘अ‍ॅनॉनिमस पेट्रन’ या सेटिंगमध्ये एक खोटा सभासद नेमावा लागतो. तो नेमला नाही तर काम अडतं, आणि क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) संदेश कुणी वाचत नसल्याने कळतही नाही. कुणी काय वाचलं याची वर्षानुवर्षांची यादी सर्व्हरवर पडून राहते.

सहाहजारएक

तुम्ही ग्रंथालयं तोलताय. धोका ग्रंथालयात नाही, पुरवठादाराकडे आहे.

एका सर्व्हरवर कोहाचे अनेक इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र प्रती, चालतात. छोटा पुरवठादार एकाच भाड्याच्या मशीनवर पंचवीस-तीस कॉलेजं बसवतो. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, पण रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) एकच, मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर एकच, आणि बॅकअपही त्याच डिस्कवर. त्या तीस कॉलेजांना तुमच्या यादीत ५५ ते ८० असे वेगवेगळे गुण पडतील. कोसळतील मात्र एकाच रात्री.

दुरुस्तीसाठी एनीडेस्क हे दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर कायमचं चालू, न विचारता आत येण्याचा पासवर्ड लावलेला, आणि तोच पासवर्ड सगळ्या ग्राहकांना. वर सांगितलेल्या टर्मिनल सर्व्हरचीच ही घरगुती आवृत्ती. आरएफआयडी चिपवर चालणारं स्वयंदेवघेव यंत्र सर्व्हरशी सिप-टू या प्रोटोकॉलवर बोलतं, पोर्ट ६००१. हा प्रोटोकॉल मुळातच उघडा आहे, लॉगिन आणि सभासद क्रमांक साध्या मजकुरात जातात. यंत्र आणि सर्व्हर एकाच बंद नेटवर्कवर असतील तर ठीक. क्लाउडवरच्या कोहाला जोडायचं तर मधे एसटनेल किंवा व्हीपीएनसारखा एन्क्रिप्ट केलेला बोगदा हवाच. पुष्कळदा पोर्ट सरळ जगाला उघडून देतात, कारण इन्स्टॉलेशनच्या दिवशी तेवढ्याने यंत्र चालू होतं.

नोंदवही

पुरवठादाराचा मुद्दा पटला. यादीत पहिला रकाना हवा: सर्व्हर कुणाचा, त्यावर आणखी कोण, रूट पासवर्ड कुणाकडे. गुणांची एक बेरीज सोडते. त्याऐवजी तीन गोष्टी प्रत्येकाने पुराव्यासह द्याव्यात. शेवटची पुनर्स्थापना चाचणी (बॅकअप परत उतरवून बघणं) कधी झाली आणि किती तास लागले. दुसरी पडताळणी कुठे कुठे नाही. सभासदांची कोणती माहिती किती वर्षं ठेवली जाते. तालुक्याला आणि विद्यापीठाला हेच तीन प्रश्न. उत्तरं वेगळी आली तर येऊ देत. पण जाहीर करण्यावर मी ठाम आहे.

पोर्टबंद

चाचणीचा पुरावा म्हणजे काय ते लिहून द्या, नाहीतर तिथेही ‘होय’ येईल. कोहासाठी: कोरं मशीन, त्याच आवृत्तीचा कोहा, कोहा-रिस्टोअरला दोन्ही फाइली द्यायच्या, डेटाबेसची आणि कॉन्फिगरेशनची. मग झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) अनुक्रमणी पूर्ण नव्याने बांधायची. ती राहिली तर डेटा असून शोधात काहीच येत नाही आणि लोक चाचणी फसली समजतात. शेवटी ग्रंथ, प्रती, सभासद या तीन संख्या मूळ सर्व्हरशी ताडायच्या. डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर प्रबंध असतील तर त्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) पुरत नाही, मूळ फाइलींचा अ‍ॅसेटस्टोर फोल्डरही लागतो. फक्त डेटाबेस परत आणला तर शीर्षकं दिसतात, पीडीएफ उघडत नाही. फक्त फोल्डर आणला तर आकड्यांच्या नावाच्या हजारो फाइली हातात, कुठला प्रबंध कुणाचा ते कळत नाही.

जाहीर करायला माझा विरोध कायम. ‘या वाचनालयात दुसरी पडताळणी नाही’ हे संकेतस्थळावर छापणं म्हणजे चोराला पत्ता लिहून देणं.

सहाहजारएक

उघडी पोर्टं शोधणारी यंत्रं दिवसरात्र इंटरनेट चाळतात, त्यांना तुमच्या पीडीएफची गरज नाही. तरी ‘कुठे नाही’ हा भाग जिल्हा कार्यालयापुरता ठेवा आणि पुनर्स्थापनेला लागलेले तास तेवढे जाहीर करा. त्यातून चोराला काही मिळत नाही, ग्राहकाला मात्र कुठल्या पुरवठादाराचं काय चाललंय ते दिसतं.

दप्तरबंद

आणि ते कोरं मशीन ‘ड’ वर्गाने कुठून आणायचं? जिल्हा ग्रंथालयात एक चाचणी-संगणक ठेवा, तालुक्याची वाचनालयं आळीपाळीने आपला बॅकअप घेऊन येतील, उतरवून बघतील, संख्या लिहितील, पुसून परत जातील. एवढं अनुदानाच्या अटींत घालून दाखवा, मग यादीवर सही करतो.

नोंदवही

पुसणं कोण तपासणार? तीस वाचनालयांचे सभासद एकाच चाचणी-संगणकावर उतरले की तुम्हीच नवा टोरंटो उभा केलात. संगणक इंटरनेटला न जोडलेला आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, आणि प्रत्येक चाचणीनंतर दोघांच्या सहीची नोंद. ते लिहून पाठवा, मसुद्यात घालते.