भूमिती पडद्यावर सरकवून कळते का?

काटकोनी
परवा दहावीला ‘वर्तुळ’ घेताना प्रोजेक्टरवर जिओजेब्रा उघडलं. (ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठातल्या मार्कुस होहेनवार्टरने प्रबंधासाठी सुरू केलेलं सॉफ्टवेअर. शाळेला फुकट मिळतं, म्हणून मुख्याध्यापकही खूश.) वर्तुळ काढलं, व्यास एबी, परिघावर बिंदू पी. कोन एपीबी मोजायला लावला आणि शेवटच्या बाकावरच्या एकाच्या हातात माऊस दिला. पी फिरतोय आणि आकडा हलत नाही. ९०, ९०, ९०. मग पी व्यास ओलांडून खाली गेला आणि आकडा झाला २७०!

“सर, बिघडलं!”

बिघडलं नव्हतं. हे सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं, त्यामुळे बिंदू पलीकडे गेला की ते बाहेरचा कोन दाखवतं. मी तोंड उघडायच्या आत एका मुलीने ३६० मधून २७० वजा केले. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय इतकी वर्षं शिकवतोय, पण त्यावर कुणी आपणहून वजाबाकी केल्याचं मला आठवत नाही.

म्हणून म्हणतो, आधी फळ्यावर प्रमेय आणि वेळ उरला तर पडदा, हा आपला क्रम उलटा करायला हवा.

फळाखडू
सर, ९०, ९०, ९० दिसल्यावर “मग सिद्ध कशाला करायचं?” असं कुणी विचारलं नाही? माझ्याकडे विचारलं. आणि पोरगं चुकीचं नव्हतं, डोळ्यांना दिसतंय ते कोण नाकारेल!

डोळ्यांचीच गंमत सांगतो. मी याच सॉफ्टवेअरवर π आणि २२/७ शेजारीशेजारी मांडले. दशांश दोनच स्थळांपर्यंत ठेवलेले, बदलायचं माझ्या लक्षात आलं नाही. दोन्हीकडे ३.१४. अख्ख्या वर्गाने वहीत लिहून घेतलं की दोन्ही सारखेच. पाच स्थळं केली तेव्हा ३.१४१५९ आणि ३.१४२८६ दिसले, पण वहीतलं खोडायला निम्म्यांनी खोडरबर काढलाच नाही.

वर्तुळाचा केंद्रबिंदू पी-ला जोडा. दोन समद्विभुज त्रिकोण मिळतात. एकाचे पायाचे कोन अ, अ, दुसऱ्याचे ब, ब. मोठ्या त्रिकोणात दोन अ अधिक दोन ब म्हणजे १८०, म्हणून अ अधिक ब ९०. दोन ओळी. पण ती जोडरेषा मारायचं सुचायला वहीवर दहा वेळा अडावं लागतं. बोर्डाच्या पेपरात माऊस मिळत नाही हे वेगळंच.

नववीतल्याची आई
शाळेतलं तुमचं तुम्ही बघा, घरी काय चालतं ते मी सांगते. गणिताचा फोटो काढायचा, ॲप पायऱ्यांसकट उत्तर देतं, ते वहीत उतरवायचं. बाईंची बरोबरची खूण, आम्हीही खूश. परीक्षेत बारा मार्क. पायरी तीनवरून चारवर कसा गेलास असं विचारलं तर म्हणतो, “तसंच असतं.” यालाच समजणं म्हणायचं का?

काटकोनी
ताई, ते उत्तर देणारं ॲप आणि प्रश्न पाडणारा पडदा यांना एका माळेत ओवू नका. २७० ने उत्तर दिलं नाही, पोरांना पेचात टाकलं.

फळाखडू, २२/७ चा घोळ सॉफ्टवेअरचा नाही, तुमचाच. आणि खरं सांगायचं तर तुमचा तो उत्तम तास होता, तुम्ही घाईने पुढे गेलात. जोडरेषेबद्दल मान्य. ती माझ्याही वर्गात मलाच मारावी लागली.

डोंगरातली शाळा
आमच्याकडे एक टीव्ही आहे. लाईट असली तर चालू होतो. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवर नेतो म्हणे, पण रेंजसाठी पोरांना घेऊन टेकाडावर जायचं का? चालू द्या तुमचं.

कंपासपेटी
डोंगरातल्या सरांसाठी. पाटावर कागद ठेवा, दोन टाचण्या ठोका. मधे गुण्याचा काटकोन खुपसा, दोन्ही कडा टाचण्यांना टेकलेल्या हव्यात. कोपऱ्याशी पेन्सिल धरून गुण्या सरकवा. अर्धवर्तुळ उमटतं. लाईट लागत नाही.

आणि काटकोनी सर, तुमच्या पडद्यावर वर्तुळावरून काटकोन मिळाला, इथे काटकोनावरून वर्तुळ मिळतं. तुमचं प्रमेय, हा त्याचा व्यत्यास. पोरं नेमकी इथेच गोंधळतात, आणि तुम्ही त्यांना एकच बाजू दाखवलीत.

काटकोनी
हे सुचलं नव्हतं. सोमवारी टाचण्या नेतो. पण तुमचा गुण्या व्यास ओलांडून पलीकडे जात नाही.

कंपासपेटी
जातो की. खालून लावा.

काटकोनी
आणि २७०?

फळाखडू
तो तुमच्या सॉफ्टवेअरलाच लखलाभ.